फिएस्टा बोल २००७: बॉइसीने एक गुण का घेतला नाही?

बॉइसीचा_बापू (२ जानेवारी २०२५)

परवा ३१ डिसेंबरला आमची बॉइसी स्टेट अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या फिएस्टा बोलमध्ये पेन स्टेटकडून ३१-१४ अशी हरली. घरात सुतक. उतारा म्हणून काल आम्ही १ जानेवारीचा नेहमीचा विधी उरकला. तो म्हणजे २००७ च्या फिएस्टा बोलचा शेवटचा तुकडा पुन्हा बघणे. लोक नववर्षाला देवळात जातात, आम्ही हे बघतो. मुलाचा जन्म त्याच वर्षीचा, त्यामुळे त्याला हे पाळण्यातच ऐकवलंय. यंदा मात्र त्याने विचारलं, "बाबा, एक गुण घेऊन पुढे का नाही खेळले? हरले असते तर?"

मी छाती फुगवून "हिंमत लागते!" वगैरे म्हणालो. त्याने खांदे उडवले. म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. स्थळ ग्लेंडेल, ॲरिझोना. एका बाजूला ओक्लाहोमा. सात राष्ट्रीय विजेतेपदं, बिग ट्वेल्व्ह या परिषदेचे (कॉलेजांच्या गटाचे) त्या मोसमाचे विजेते, प्रशिक्षक बॉब स्टूप्स, आणि धावायला एड्रियन पीटरसन. दुसऱ्या बाजूला बटाट्याच्या राज्यातलं, आयडाहोतलं, आमचं कॉलेज, १९९६ साली वरच्या श्रेणीत आलेलं. बाहेरच्यांना आमच्याबद्दल एकच गोष्ट ठाऊक असायची, की यांचं मैदान निळं आहे (१९८६ पासून). त्या मोसमात १२ पैकी १२ जिंकलेले, पण "कोणाशी जिंकलात?" हा टोमणा कायम. प्रशिक्षक क्रिस पीटरसन यांचं मुख्य प्रशिक्षक म्हणून ते पहिलंच वर्ष. (दोन पीटरसन आहेत, घोळ करू नका. एक आमचे सर, एक त्यांचा वाघ.)

तिसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही २८-१० पुढे. मग ओक्लाहोमाने पंट केलेला (पायाने लांब मारून दिलेला) चेंडू आमच्याच एका पोराच्या पायाला लागला, त्यांनी तो पकडला, आणि तिथून घसरगुंडी. १ मिनिट २६ सेकंद उरले असताना २८-२८. पुढच्याच खेळीत आमच्या क्वार्टरबॅकने (पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूने), जॅरेड झब्रान्स्कीने, चेंडू थेट त्यांच्या मार्कस वॉकरच्या हातात दिला आणि तो पळत जाऊन टचडाऊन करून (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन) आला. ३५-२८. उरलेला वेळ १ मिनिट २ सेकंद.

चौथी आणि शेवटची संधी. १८ यार्ड सरकायचे होते. घड्याळात १८ सेकंद. चेंडू बरोबर मैदानाच्या मध्यावर.

झब्रान्स्कीने ड्रिसन जेम्सला पास दिला. १५ यार्ड. म्हणजे तीन कमी. सगळे बचावपटू त्याच्यावर धावले, आणि त्याने उलट दिशेने येणाऱ्या जेरार्ड रॅबला चेंडू बाजूला टाकला. रॅब ३५ यार्ड पळाला. ७ सेकंद बाकी, ३५-३५. आमच्या प्लेबुकात या खेळीचं नाव 'सर्कस' होतं.

ओव्हरटाइम. पहिल्याच खेळीत एड्रियन पीटरसन २५ यार्ड, टचडाऊन, ४२-३५. मग आमची पाळी. पुन्हा चौथ्या संधीवर अडकलो, २ यार्ड सरकायचे होते. झब्रान्स्की बाजूला सरकला, चेंडू थेट व्हिनी पेरेटाकडे गेला (जो क्वार्टरबॅक नाहीच), त्याने पास टाकला, डेरेक शाउमनने पकडला. ४२-४१.

आता पायाने मारून एक गुण घ्यायचा आणि दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये जायचं, की दोन गुणांसाठी खेळायचं? जमलं तर तिथेच जिंकलो, नाही तर तिथेच हरलो.

सरांनी दोन मागितले. झब्रान्स्कीने उजव्या हाताने उजवीकडे फेकल्याचा आव आणला. हात रिकामा होता! चेंडू डाव्या हातात, पाठीमागे. इयान जॉन्सनने तो तिथून उचलला आणि डावीकडून आरामात आत गेला. ४३-४२. कॅमेरा चालू असतानाच त्याने आपल्या चीअरलीडर मैत्रिणीसमोर गुडघा टेकून लग्नाची मागणी घातली. ती हो म्हणाली. हा जॉन्सन फावल्या वेळात क्रोशाच्या टोप्या विणायचा, हे माझ्या आईला त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त आवडलेलं.

तर प्रश्न तोच. एक गुण का नाही?

---

निवृत्त_चढाईपटू

बापू, लिहिलंय झकास, पण मी सांगलीचा कबड्डीवाला माणूस. चौथी संधी म्हणजे काय, यार्ड म्हणजे काय, आणि बोल म्हणजे कोणाशी बोल?

---

बॉइसीचा_बापू

दादा, यार्ड म्हणजे तीन फूट. चार चढायांमध्ये मिळून १० यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार मिळतात. नाही सरकलात तर चेंडू समोरच्याला. म्हणून चौथी संधी म्हणजे 'करो या मरो'ची चढाई समजा. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की ६ गुण, शिवाय एक बक्षिसी: पायाने मारून १, किंवा ३ यार्डांवरून पुन्हा आत घुसून २. कॉलेजच्या ओव्हरटाइममध्ये दोन्ही संघांना २५ यार्डांवरून एकेक पाळी मिळते. तेव्हा बरोबरी राहिली तर पुन्हा एकेक मिळायची.

बोलचं ताई लोक सांगतील.

---

प्राजक्त_पॅसाडेना

ताई लोक आले. :) बोल म्हणजे वाडगाच. आमच्या पॅसाडेनात १ जानेवारी १९०२ ला पहिला असा सामना झाला, फुलांच्या मिरवणुकीला जोड म्हणून. मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असं धुतलं. इतकं एकतर्फी झालं की आयोजकांनी फुटबॉल बंद करून पुढे चक्क रथांच्या शर्यती लावल्या. फुटबॉल परत आला १९१६ ला. १९२२ मध्ये येल विद्यापीठाच्या 'येल बोल'च्या धर्तीवर वाडग्याच्या आकाराचं स्टेडियम बांधलं, त्यावरून सामन्याला रोझ बोल नाव पडलं, आणि मग जो तो बोल काढत सुटला. ऑरेंज, शुगर, कॉटन. फिएस्टा त्या मानाने लहान भावंड, १९७१ चं.

मूळ हेतू पर्यटन, हे लक्षात घ्या. थंडीने गारठलेल्या राज्यातल्या लोकांनी डिसेंबर-जानेवारीत उन्हाच्या गावी यावं, हॉटेलं भरावीत. त्यामुळे बोल जिंकून पुढे कुठे जायचं नसे. मोसमाचा शेवटचा सामना, एक चषक, घरी. आता तर बॉइसीतच बटाट्याच्या नावाचा बोल होतो आणि जिंकणाऱ्या प्रशिक्षकावर फ्रेंच फ्राइज ओततात. ऑरलँडोत पॉप-टार्ट्स नावाच्या खाऊचा बोल आहे, तिथे विजेते शुभंकराला खातात. खोटं नाही, २०२३ पासून.

---

खवचट_काका

शुभंकर खातात हे वाचून धागा सार्थकी लागला.

बापू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. जुगार होता, लागला. लागला म्हणून तुम्ही दरवर्षी पूजा घालता. लागला नसता तर याच पीटरसन सरांना बॉइसीच्या चहाच्या टपरीवर (असलीच तर) शिव्या खाव्या लागल्या असत्या. आणि कृपा करून कुणी आता 'गनिमी कावा' आणू नका. प्रत्येक धाग्यात महाराज आणायचे नसतात.

---

मावळा_इन_मिनेसोटा

काका, आणणारच होतो. बोटं कीबोर्डवरून उचलली. :(

आमच्याकडे पुढे एड्रियन पीटरसन आला ना, २००७ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ कॉलेजची पोरं निवडतात तो) सातव्या क्रमांकावर. इथल्या व्यावसायिक संघात, व्हायकिंग्जमध्ये, त्याने काय धुमाकूळ घातला! त्याची ती २५ यार्डांची धाव ही त्याच्या कॉलेज आयुष्यातली शेवटची धाव होती, हे आज कळलं. म्हणजे शेवटच्या वेळी चेंडू हातात आला, टचडाऊन केला, आणि तरी संघ हरला.

---

नॉर्मनचा_पाहुणा

आता जरा दुसऱ्या बाजूचंही ऐका. मी तेव्हा नॉर्मनला, ओक्लाहोमा विद्यापीठात, पेट्रोलियम शिकत होतो. चार मराठी पोरं, एक अपार्टमेंट, भाड्याने आणलेला टीव्ही. मी पिठलं करत होतो. चौथ्या संधीला मी गॅस चालू ठेवून बाहेर आलो, आणि पुढचं सगळं टीव्हीसमोर उभ्यानेच बघितलं. पिठल्याचं काय झालं ते विचारू नका.

तुम्ही लोक ओक्लाहोमाला दांडगा पैलवान करून टाकता. त्या वर्षाची आमची कहाणी ऐका. मोसम सुरू व्हायच्या आधी ऑगस्टमध्ये मुख्य क्वार्टरबॅकला संघातून काढलं, कारण मोटारींच्या दुकानात न केलेल्या कामाचे पैसे घेतले होते. मग पॉल थॉम्पसन, ज्याला रिसीव्हर (पास पकडणारा) केलेलं होतं, त्याला परत क्वार्टरबॅक केलं. सप्टेंबरमध्ये ओरेगॉनशी ३४-३३ हरलो, तेही पंचांच्या चुकीने. ऑनसाइड किकचा (मारणाऱ्यालाच परत मिळावा म्हणून जवळ मारलेला) चेंडू त्यांना देऊन टाकला. चूक नंतर मान्य झाली, पंचांना निलंबित केलं, निकाल मात्र तसाच राहिला. ऑक्टोबरमध्ये पीटरसनचं कॉलरबोन मोडलं, टचडाऊनसाठी सूर मारताना. फिएस्टा बोल हा त्याचा परतीचा सामना. इतकं सगळं पचवून आम्ही परिषद जिंकली होती. आणि १८ गुणांनी मागे असताना परत आलो, हे कुणी सांगतच नाही. सगळ्यांना शेवटची ती पाठीमागची गंमतच आठवते.

आता बापूंच्या प्रश्नाकडे. समोरच्या बाजूने बघणाऱ्याला विचारा. ४२-४१ झाल्यावर आम्ही चौघेही मनातल्या मनात म्हणत होतो, "किक मारा, किक मारा." आम्हाला पुढचा ओव्हरटाइम हवा होता. ते दमले होते, आमच्याकडे बाकावर माणसं होती, आणि पीटरसनला त्यांच्याने अडवलं जात नव्हतं. समोरच्याला जे हवंय ते द्यायचं नाही, एवढं साधं आहे ते.

---

आकडेमोड

पाहुण्यांनी जे पोटातून सांगितलं ते कागदावर मांडते.

दोन गुणांचा प्रयत्न साधारणपणे १०० पैकी ४० ते ४५ वेळा जमतो. किक शंभरात पाच-सहा वेळा तरी चुकतेच, म्हणजे ९५ टक्के धरू. किक मारली आणि बरोबरी झाली तर पुढचे ओव्हरटाइम जिंकण्याची बॉइसीची शक्यता किती? समजा ४५ टक्के. ०.९५ × ०.४५ = ०.४३ च्या आसपास. म्हणजे दोन्ही वाटा जवळपास सारख्याच. बॉइसीची शक्यता ४५ च्या खाली गेली की दोन गुण मागणं हाच शहाणपणा.

आणि ती ४५ च्या खाली होती की नाही? ओक्लाहोमाला टचडाऊनला एक खेळी लागली. बॉइसीला चौथ्या संधीपर्यंत जावं लागलं, आणि तिथेही क्वार्टरबॅक नसलेल्या माणसाकडून पास टाकून घ्यावा लागला. मी तर ४० सुद्धा देणार नाही.

म्हणजे काका, जुगार किक मारण्यात होता. दुबळ्या संघाने सामना लांबवायचा नसतो. जितक्या जास्त खेळी, तितका वरचढ संघ वर येणार. एका षटकात कोणीही कोणालाही हरवतो, पाच दिवसांत नाही.

---

खवचट_काका

ताई, तुमचा हिशेब मान्य. पण तो ३ यार्डांवरच्या साध्या प्रयत्नाचा झाला. पाठीमागे चेंडू लपवून द्यायचा म्हणजे निसटायचीही भीती. डाव्या हाताने, न बघता.

---

बॉइसीचा_बापू

काका, इथेच खरी मेख आहे, आणि मला ती आज या धाग्यामुळे कळतेय.

ही खेळी नवीन नाही. 'स्टॅच्यू ऑफ लिबर्टी' हे तिचं नाव शतकभर जुनं. हात वर करून उभा राहिलेला क्वार्टरबॅक, म्हणून पुतळा. सगळ्यांना माहीत असलेली, म्हणूनच कुणी करत नाही अशी. तिला यश येण्यासाठी समोरच्याने त्या क्षणी ती विसरलेली असायला हवी. झब्रान्स्कीच्या उजवीकडे तीन रिसीव्हर एकत्र उभे होते. नुकताच शाउमनला पास जाऊन टचडाऊन झालेला. त्यामुळे फेकण्याचा आव खरा वाटला.

युक्ती ही दुधासारखी असते. आज वापरली नाही तर उद्या नासते. दुसऱ्या ओव्हरटाइमपर्यंत ओक्लाहोमावाले श्वास घेतात, एकमेकांशी बोलतात, प्रशिक्षक सांगतात की "यांच्या पोतडीत अजून काहीतरी असणार, जागेवर थांबा." मग पुतळा चालत नाही. सर्कस झाली, पेरेटाचा पास झाला, आता पोतडीत एकच वस्तू होती. ती बाहेर काढायची वेळ तीच.

मुलाला हे सांगितलं. यावेळी त्याने खांदे उडवले नाहीत.

---

मिरजेचा_नाना

सगळं ठीक. पण किकला ९५ टक्के देणाऱ्यांनी बॉइसीचंच २०१० आठवावं. नोव्हेंबरात नेवाडाविरुद्ध. नियमित वेळेच्या शेवटी २६ यार्डांवरून किक, चुकली. ओव्हरटाइममध्ये २९ यार्डांवरून, तीही चुकली. ३४-३१ हरले आणि अख्ख्या मोसमाचं पाणी झालं. त्या पोराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, बिचाऱ्याला पुरेसं ऐकावं लागलं असेल.

---

बॉइसीचा_बापू

नाना, जखमेवर मीठ. पण मुद्दा बरोबर.

---

चँडलरकर

मी परवाच्या पेन स्टेट सामन्याला ग्लेंडेलच्या स्टेडियममध्ये होतो. तेच स्टेडियम, नाव फक्त बदललंय. २००७ चा सामना हा तिथला पहिलाच फिएस्टा बोल होता, त्याआधी तो टेम्पीत व्हायचा. क्रिकेटवाल्यांसाठी एक गंमत: तिथलं मैदान चाकांवर आहे. खरं गवत, भल्यामोठ्या ट्रेमध्ये. एरवी बाहेर उन्हात पडलेलं असतं आणि सामन्याच्या वेळी रुळांवरून आत आणतात. ॲरिझोनात झाडं आत-बाहेर करणारे शेजारी पाहिलेत, पण अख्खं मैदान!

परवा आजूबाजूला निळा-नारिंगी समुद्र. बॉइसीचा धावपटू ॲश्टन जेंटी १०४ यार्ड धावला, पण तो आधीच्या कुठल्याच सामन्यात एवढा जखडलेला दिसला नव्हता. मोसमात एकूण २,६०१ यार्ड. बॅरी सँडर्सचा १९८८ चा २,६२८ चा विक्रम २७ यार्डांनी राहिला. हळहळत पार्किंगमध्ये गेलो.

---

आकडेमोड

चँडलरकर, हळहळ योग्य, पण हिशेब नीट लावा. सँडर्सच्या २,६२८ मध्ये त्याचा बोल सामना धरलेलाच नाही. तेव्हा एनसीएए (कॉलेज खेळांची संस्था) बोलचे आकडे मोसमात मोजायची नाही, २००२ पासून मोजायला लागली. सँडर्सने ते ११ सामन्यांत केले आणि वर हॉलिडे बोलमध्ये २२२ यार्ड आणखी. जेंटी १४ सामने खेळला. पोरगा अफाट आहे, पण ही तुलना २७ यार्डांची नाही.

---

चँडलरकर

घ्या. पार्किंगमधली हळहळ परत घेतो.

---

प्राजक्त_पॅसाडेना

बापू, एक विचारते, रागावू नका. २००७ ला तुम्ही १३-० झालात आणि तरी विजेतेपद फ्लोरिडाला गेलं. आठवड्याने त्यांनी ओहायो स्टेटला ४१-१४ हरवलं, त्यांच्या नावावर एक पराभव असूनही. तुम्ही अखेरच्या एपी (वृत्तसंस्थेच्या) क्रमवारीत पाचवे. तेव्हाच्या बीसीएस पद्धतीत पहिल्या-दुसऱ्याचाच अंतिम सामना, बाकीच्यांनी वाडगे घेऊन घरी जायचं. आता १२ संघांची प्लेऑफ आहे, तुम्हाला तिसरं मानांकन मिळालं, थेट उपांत्यपूर्व फेरी. हवं होतं ते सगळं मिळालं. मग जास्त गोड कुठलं?

---

बॉइसीचा_बापू

प्राजक्तताई, रागावत नाही, पण दोन दिवस याचाच विचार करतोय.

२००७ ला आमच्यावर अन्याय झाला, असं मी अठरा वर्षं म्हणत आलो. कागदावर झालाच. एकही सामना न हरलेला संघ विजेता नाही, ही कसली पद्धत! पण खरं सांगू? त्या संध्याकाळनंतर काही नव्हतं म्हणून ती संध्याकाळ तशीच्या तशी राहिली. प्लेऑफ असती तर आठवड्याने आम्ही कुणाशी तरी खेळलो असतो, बहुधा हरलो असतो, आणि आज लोक म्हणाले असते, "हो, ते बॉइसीवाले, त्यांनी ओक्लाहोमाला हरवलं आणि मग मार खाल्ला." सर्कस आणि पुतळा ही तळटीप झाली असती.

आणि पोतडी? सगळी पोतडी एका सामन्यात रिकामी करायची मुभा तुम्हाला तेव्हाच असते, जेव्हा पुढचा सामना नसतो. पुढच्या फेरीत ओहायो स्टेट बघत बसलेली असती तर सरांनी पुतळा बाहेर काढला असता का?

---

मिरजेचा_नाना

असहमत. काढलाच असता. हरलात तर पुढची फेरी कुठली? उद्यासाठी राखून ठेवणारा आजच घरी जातो. आणि अन्याय गोड मानून घ्यायची सवय वाईट. २००४ च्या मोसमात यूटाही एकही सामना न हरता फिएस्टा बोल जिंकलं, त्यांनाही पुढे काही नाही. खेळायची संधी मिळून हरणं हे संधीच न मिळण्यापेक्षा बरं. परवा ३१-१४ हरलात, पण दारात कुणी "तुम्ही कोण?" असं विचारलं नाही.

---

नॉर्मनचा_पाहुणा

नानांना +१. शिवाय प्लेऑफ आली तेव्हापासून बाकीच्या बोलांची रया गेली हे मात्र खरं. २०१६ ला मॅकॅफ्री आणि फोर्नेट या दोन नावाजलेल्या धावपटूंनी एनएफएलच्या (व्यावसायिक लीगच्या) आधी दुखापत नको म्हणून आपापले बोल सोडले, तेव्हा केवढा गदारोळ झाला! आता त्याची बातमीही होत नाही. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट १३-० असून प्लेऑफबाहेर ठेवले गेले, निम्मी फौज ऑरेंज बोलला उतरलीच नाही, आणि जॉर्जियाने ६३-३ केलं. आमचा पीटरसन बघा, नुकतं हाड जुळलेलं, तीन-चार महिन्यांवर ड्राफ्ट, कोट्यवधी डॉलर समोर, आणि तो पुढे काहीच नसलेल्या सामन्यात उतरला. आजच्या पोरांना मी दोष देत नाही. मी त्याच्या जागी असतो तर वडिलांनीच उतरू दिलं नसतं.

---

निवृत्त_चढाईपटू

मंडळी, काल आमच्या मैदानावर पोरांना तो पुतळा शिकवायचा प्रयत्न केला. रग्बीचा चेंडू होता. पहिल्यांदा पडला. दुसऱ्यांदा मागच्याने उचलला, पण फेकल्याचा आव आणणारा मागे वळून बघायला लागला, त्यामुळे सगळ्यांना कळलं. तिसऱ्यांदा मी सांगितलं, बघायचं नाही, तो येणारच. तेव्हा जमलं. चौथ्यांदा समोरच्यांनी पकडलं, कारण तोवर सगळे शहाणे झाले होते.

---

आकडेमोड

दादा, चार प्रयत्नांत एक. २५ टक्के. नमुना लहान आहे.

---

मावळा_इन_मिनेसोटा (२४ ऑगस्ट २०२५)

धागा वर आणतोय. मोसम सुरू झाला. प्लेऑफचा नियम बदलला. परिषद विजेत्यांना थेट पहिली चार मानांकनं मिळायची ते बंद, आता सरळ क्रमवारीनुसार. म्हणजे बॉइसीसारख्याला पुन्हा पहिल्या फेरीपासूनच यावं लागणार. बापू आहात का?

---

बॉइसीचा_बापू

आहे. मुलगा गेल्या आठवड्यात कॉलेजला गेला, बॉइसीतच. विद्यार्थ्यांच्या भागात बसणार म्हणतो, माझ्यासोबत नाही. १ जानेवारीला घरी येशील ना, विचारलं. म्हणाला, शेवटचं दीड मिनिट असेल तेव्हा येतो.

पाहुणे, ते पिठलं शेवटी खाल्लंत का?

---

नॉर्मनचा_पाहुणा

करपलेलं. चौघांनी खाल्लं. कुणी काही बोललं नाही.